टाचणीमावशींनी मोजलेला रस्ता

ओठांत दोन-तीन टाचण्या धरूनच बोलायची सवय, म्हणून त्या टाचणीमावशी. टाचण्या तोंडात असल्या की त्या जरा कमी बोलतात, एवढाच गल्लीला दिलासा.

तीस वर्षं त्या शाळेचे गणवेश शिवतायत. यंदा पोरींनी नवीच फर्माईश काढली: कमरपट्टीच्या आत अरुंदसा चोरखिसा. "पेनासाठी हो, मावशी." मावशी हरखल्या. पोरींना पेनाची केवढी काळजी! चाळीसेक खिसे शिवले, तेही दुहेरी टीप मारून.

मग एका दुपारी भाचीचा स्कर्ट उसवायला घेतला. भाची नववीत, मावशींकडेच राहते, शाळेच्या संघातून धावते. चोरखिशातून गुलाबी नळी निघाली. मावशींनी ती कागदावर घासून पाहिली. उमटेना. नाकाशी धरली, तर स्ट्रॉबेरीचा वास.

"हे कसलं गं पेन?"

भाची पांढरीफटक. "ई-सिगारेट आहे, मावशी. सहामाहीपासून ओढते. नाही ओढली तर हात थरथरतात, धावताना दम लागतो तो वेगळाच. मला सोडायचीय गं! पण शाळा सुटली की समोरच्या दुकानात काचेआड दिसतेच ना."

मावशींनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. भाचीने ओळखलं, आता कुणाची तरी धडगत नाही.

दुकानात पुढे वह्या, मागे रंगीत नळ्यांचं कपाट. "काय हो, ही बबलगमची चव काय कवळी लावणाऱ्या आजोबांसाठी ठेवलीय?"

"मी वय विचारूनच देतो, मावशी."

"गणवेशातल्या पोरीला वय विचारता? डोळे काय गहाण टाकलेत?"

"आणि लपवायला खिसे कोण शिवतं हो?" दुकानदार गालात हसला.

तो वार वर्मी लागला. मावशी तशाच तडक सरकारी कचेरीत गेल्या. साहेबांनी फाइल उघडली. "कागदावर हा तंबाखूचा माल आहे, बाई. त्याच्या विक्रीला शाळेपासून शंभर मीटरच्या आतच बंदी. हे दुकान एकशेवीस मीटरवर आहे."

"मोजलं कुणी?"

"दुकानदाराने लिहून दिलंय."

"वा! म्हणजे चोराच्याच हाती किल्ल्या! माझ्या गिऱ्हाइकाने कंबर अठ्ठावीस सांगितली, तरी मी फीत लावून बघते, साहेब. तुम्ही पोरांच्या छातीचा सौदा नुसत्या तोंडी मापावर करता?"

दुसऱ्या दिवशी, शाळा सुटायच्या वेळेला, साहेबांना यावंच लागलं. शाळेच्या फाटकाशी मावशींनी फितीचं एक टोक त्यांच्याच हातात दिलं. "ताणू नका. ढिलीही सोडू नका." दर दीड मीटरला शिवणखडूची रेघ ओढत मावशी भर रस्त्यात ओणव्याने सरकत राहिल्या. गाड्या थांबल्या, पोरं मोठ्याने मोजू लागली. एकेचाळीसाव्या रेघेला दुकानाची पायरी आली. साडेएकसष्ट मीटर!

"रस्ता आटला वाटतं," साहेब पुटपुटले.

"लाज आटलीय," मावशी म्हणाल्या. "लिहा आकडा."

कपाटाला सील लागलं. पण सीलमुळे भाचीची तलफ थोडीच जाते? पुढचे तीन आठवडे ती घामेजून उठायची, ताट ढकलायची, मावशींवर खेकसायची. मावशी सगळं निमूट ऐकून घ्यायच्या. मग अंगणात येऊन, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, दुकानदाराचा आणि साहेबांचा उद्धार करायच्या. गल्लीतल्या एकानेही त्यांना गप्प बसा म्हटलं नाही.