सरांची रेघ

"परत एकदा म्हणा."

डोकं तिरकं, डोळे मिटलेले, आणि हे वाक्य. मासेवालीला, गॅसवाल्याला, मला, आमचे सर उठता-बसता हेच म्हणायचे. लोक काय बोलतात याच्याशी काही देणंघेणं नाही, कसं बोलतात तेवढंच ऐकणारा माणूस तुम्हीही कुठे पाहिला असेल. आमच्या लालबागच्या चाळीत तो माझ्या शेजारच्याच खोलीत होता. दादरला जर्मन भाषा शिकवून रिटायर झालेला, एकटा.

समोरचे आजोबा गेले तेव्हा गावाहून त्यांची बहीण आली. दारातच तिने हंबरडा फोडला, "खंय गेलंस रे माज्या भावा!" आम्ही बायका डोळे पुसतोय, आणि सर गर्दीतून पुढे होऊन म्हणतात, "मावशी, परत एकदा म्हणा."

मी दंड धरून त्यांना बाहेर काढलं. तर मलाच म्हणतात, "वहिनी, त्या खाडीच्या पलीकडच्या आहेत. ऐकलंत ना?" ऐकलं. मारायचं तेवढं बाकी ठेवलं.

त्यांच्या खोलीत देवाच्या तसबिरीच्या जागी परदेशाचा नकाशा होता. हॉलंड आणि जर्मनी, शेजारी-शेजारी. त्यावर टाचण्या आणि टाचण्यांवरून ओढलेला लाल लोकरीचा दोरा. दोऱ्याच्या वरच्या अंगाची गावं पाण्याला 'वाटर' म्हणतात, खालच्या अंगाची 'वासर'.

"आणि गंमत म्हणजे वहिनी, देशाची हद्द एकीकडे आणि ही रेघ भलतीकडे. वरची कितीतरी गावं जर्मनीत आहेत, पण तिथले जुने लोक पाणी हॉलंडसारखं मागतात."

"मिळतं ना पाणी? मग झालं," मी म्हटलं. आमच्या नळाला पाणी यायचं घटकाभर, तेव्हा हंडे भरू की त्याला काय म्हणतात ते बघू?

त्यांची एक जुनी विद्यार्थिनी लग्न करून तिकडे गेली होती. ती गावोगावच्या म्हाताऱ्यांचं बोलणं रेकॉर्ड करून सरांच्या फोनवर पाठवायची. ते आलं की मला हाक.

"वहिनी, सांगा, वाटर की वासर?"

"माझी शाळा चौथीपर्यंत."

"शाळा नकोय, कान हवाय."

मी वाल सोलत ऐकायची आणि सांगायची. सर टाचणी लावायचे, मग ती म्हातारी काय म्हणाली ते मला सांगायचे. बहुतेक गुडघे, बटाटे आणि सून. माणूस माझी परीक्षा घेतो आहे असं वाटून मी चिडायची, तरी जायची. त्या म्हाताऱ्यांचं पुढे काय झालं ते कळायला हवं असायचं.

एकदा एक बाई एका दमात दोन्ही म्हणाली. आधी वाटर, मग वासर. मी तसं सांगितलं.

"शक्य नाही. नीट ऐका."

"नीटच ऐकलं."

"अहो, माझा दोरा जातो तिथून! त्या गावापासून खाली सगळं वासरच. आयुष्य गेलं माझं यात."

"मग तुम्हीच ऐका की!"

सरांनी फोन कानाला लावला. पुन्हा लावला. तेवढ्यात त्यांच्या ओट्यावरचा कुकर शिट्ट्या मारायला लागला. गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "ओ सर, कुकर!" सर ढिम्म. शेवटी मीच उठून गॅस बंद केला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शिट्टी नाही, स नाही, या माणसाला बारीक आवाज येतच नव्हता. 'परत एकदा म्हणा' हे अभ्यासासाठी कधी थांबलं आणि ऐकू येत नाही म्हणून कधी सुरू झालं, ते आख्ख्या चाळीत कुणाला समजलं नव्हतं.

"कानाला मशीन लावा," मी म्हटलं.

"काय?"

"मशीन!"

"कोण म्हणतं मला ऐकू येत नाही? तुमच्या कानात मळ आहे, वहिनी."

मी वालाचं ताट उचललं आणि निघून आले. पुष्कळ दिवस तिकडे फिरकले नाही. कुकर बोंबलला की भिंतीवर लाटणं आपटायची, तेवढंच.

मग एका सकाळी नळावर आम्ही सगळ्या जमलेल्या असताना सर आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, मला स ऐकू येत नाही. ट अंदाजाने लावतो. तुम्ही सांगाल ते मांडतो."

कानावर पोट भरलेला माणूस हे बोलत होता.

"हंडा ठेवून येते," मी म्हटलं.

त्या बाईचं बोलणं पुन्हा लावलं. "दोन्ही म्हणते," मी सांगितलं. सरांनी गावाची टाचणी काढली. दोरा सैल होऊन लोंबायला लागला. तो हातात धरून ते इतका वेळ उभे राहिले की मला वाटलं, आता नकाशाच फाडणार. मग त्यांनी दुसरा दोरा काढला आणि गावाच्या एका अंगाने एक, दुसऱ्या अंगाने दुसरा असे दोन ओढले.

"रेघ नव्हतीच ती, वहिनी. पट्टा आहे. मधले लोक दोन्ही बोलतात."

"चहा ठेवू का?"

"काय?"

"चहा!"

पुढे पुतण्याने त्यांना माटुंग्याला नेलं. तिकडून ते त्या विद्यार्थिनीला सगळं माझ्याही फोनवर पाठवायला लावायचे, मी त्यांना मोठ्या अक्षरात उत्तर लिहायची आणि म्हातारे काय म्हणाले ते सर मला कळवायचे. सर गेले, ती बातमी त्या मुलीला कळण्याआधीच तिने आणखी एक बोलणं पाठवलं होतं. त्यात एक म्हातारा काहीतरी सांगतो आणि खोकला येईपर्यंत हसतो. वासर म्हणतो, अगदी स्वच्छ. एवढा कशाला हसतो, ते आता मला कोण सांगणार?