एकट्या मावशी आणि दोन गिटारी

मंडळी, नगरमध्ये नुकत्याच उघडलेल्या सायबर कॅफेत बसून लिहितोय. हे सांगितल्याशिवाय मला घरी जाववत नाहीये!

आमचा बास गिटार वाजवणारा दोस्त पुण्याला गेला आणि आमचा जॅझचा ग्रुप मोडला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. सहा महिने मी गिटारीला हात लावला नव्हता.

आज सुट्टी म्हणून नागापूरच्या आमच्या कारखान्यातल्या एका सोबत्याकडे जेवायला गेलो. आतल्या खोलीत जॅझ चालू होता. मला वाटलं, दोघं वाजवतायत, एक बास आणि एक गिटार. डोकावलो तर सोबत्याच्या मावशी, एकच गिटार घेऊन, एकट्याच! साठीच्या, निवृत्त नर्स. उजव्या अंगठ्याने जाड तारांवर खर्जातला बास चाललेला आणि त्याच हाताची बोटं बारीक तारांवर धून वाजवतायत. डावा अंगठासुद्धा गिटारीच्या दांडीवरून वळून जाड तार दाबत होता! मी दारातूनच विचारलं,

"मावशी, हे कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाई रे. भाऊ बास वाजवायचा. तो दुबईला गेला अन् घर लई सुनं झालं. मग त्याचा बास बी मीच वाजवाया लागले."

मग त्यांनी गिटार माझ्या हातात दिली आणि माझा अंगठा धरून तारेवर ठेवला. "हा थांबता कामा न्हाई. बोटांचं मागनं बघू."

तासाभरात धुनेची एक ओळ जमली. एकच, पण बाससकट, माझ्या एकट्याच्या हातून!

साथीदार गेला म्हणून तुमच्यापैकी कुणी वाजवणं सोडलंय का? सोडलं असेल तर पुढच्या सुट्टीला माझ्याबरोबर चला. मी मावशींना विचारून ठेवलंय.