फाटकावरची पाटी शून्यावर

कंपनीत तिला सगळे खरचटमावशी म्हणायचे, आणि उगाच नाही. तीन हजार माणसांत कुणाला कुठे लागलं, भाजलं, कामापायी कुणाला कसला आजार जडला, याची नोंद ठेवायचं काम तिचं. चहाच्या सुट्टीत ती रांगेने सगळ्यांचे हात उलटसुलट करून बघायची. कुणी हात खिशात घातला की मेलाच! "काढ बाहेर. मी काय खाणार आहे तुझं बोट?"

लोक लपवायचे ते फाटकावरच्या पाटीपायी. 'इजा-आजाराविना दिवस : ९९६.' हजार भरले की सगळ्यांना आठवडाभर सुट्टी. मध्ये एक नोंद झाली की पाटी शून्यावर.

मावशीचा नवरा तिथेच पत्रा कापायच्या यंत्रावर होता. हातावर एक ओरखडा नाही! आणि गुणी किती, घरात काहीही सांगा, "हो, हो." त्याच्या जिवावर मावशी शेजारणींत भाव खायची.

त्या सकाळी तो पाठमोरा बसून दाढी करत होता. तिला थट्टा सुचली. "अहो, मी कायमची माहेरी चालले."

"हो, हो."

बाई आधी चिडली. मग तेच पुन्हा म्हणाली. पुन्हा "हो, हो." तेव्हा कुठे तिला उमगलं. इतकी वर्षं जगाचे हात तपासले, कान मात्र एकाचेही नाहीत!

कंपनीत गेल्या गेल्या तिने त्याला ओढत टेबलाशी आणलं.

"चार दिवस थांब गं," तो गयावया करू लागला. "सगळे मला कच्चा खातील."

"माझ्या तोंडाकडे बघा. कधीपासून ऐकू येत नाही?"

तो बुटांकडे बघत राहिला. "नात पहिल्यांदा आजोबा म्हणाली ना, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. म्हणून मीही पिटल्या."

नात आता सहा वर्षांची. मावशीला रडू आवरेना, पण रकान्यात तिने 'पाच वर्षं' लिहिलं.

पाटी शून्यावर आली. चहाच्या सुट्टीत नवऱ्याच्या खात्यातले चौदा जण आठ्या घालून रांगेत उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केले.

"हात राहू देत. सगळे पाठ फिरवा," मावशी खणखणीत ओरडली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चला, चहा आला."

चौदातले नऊ जण तसेच उभे राहिले.