मंजुळाच्या डोक्यावरची टोपली

इरा आणि कबीर,

परवा व्हिडिओ कॉलवर इराने शाळेतल्या डुगडुगणाऱ्या स्टुलाचा फोटो दाखवला. स्थिर बसलं की तिला वाचता येत नाही, म्हणून मेलबर्नच्या तिच्या बाईंनी ते दिलंय. कबीर हसला आणि इराने फोटो चटकन लपवला. म्हणून तुमची आजी आजच लिहायला बसली. तुमची आई वाचून दाखवेल.

लग्नानंतर मी पुणं सोडलं, तेव्हा स्वारगेटला एसटीच्या खिडकीशी उभे राहून माझे वडील एवढंच म्हणाले होते, "मुलांना आधी बसायला शिकव. बाकीचं आपोआप येतं." तेही शिक्षकच. मी कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली, मला ते पटलेलंच होतं. पनवेलच्या शाळेत महिन्याभरात माझा वर्ग ताठ बसू लागला.

मंजुळाही बसायची, पण बसली की मुकी व्हायची. बेलपाड्याची, मिठागरावर राबणाऱ्या घरातली. चौथीत एकदा नापास झालेली. त्या वर्षीही तोंडी परीक्षेत गप्प राहिली तर आई शाळा सोडवणार होती.

एकदा मी तिला पाट्यांची टोपली दुसऱ्या वर्गात न्यायला सांगितली. तिने ती सवयीने डोक्यावर घेतली आणि व्हरांड्यातून जाताना, कोणी न विचारता, सतराचा पाढा म्हटला. पावलागणिक एक आकडा, एकही चूक नाही. मिठाच्या खेपा ती आईबरोबर अशाच मोजत असणार.

मग रोज ती टोपली घेऊन चालायची आणि मी शेजारून शिकवायची. कविता, भूगोल, सगळं येऊ लागलं. परीक्षाही चालत द्यायची परवानगी मी मोठ्या बाईंकडून मिळवली.

परीक्षेच्या आठवड्यात तिची आई डबा द्यायला आली आणि टोपली घेऊन चालणारी लेक पाहून फाटकातच थांबली. मी उत्साहाने समजावू लागले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"बाई, डोक्यावरची टोपली उतरावी म्हनून आमी तिला शालंत घातली," ती म्हणाली. "तुमी तीच परत ठेवलीत."

व्हरांड्यातली मुलं हसली. मंजुळाने टोपली हलकेच खाली ठेवली आणि आईमागून निघून गेली.

मी बेलपाड्याला गेले. पोर नक्की पास होईल, तिच्या आईला म्हणाले.

"व्हईल की. पन तिला हसत्यात त्याचं काय?"

मंजुळा आतल्या दारात बसून होती, तिने वर पाहिलं नाही. ती परत आली नाही.

मिठागरं गेली, तिकडे टॉवर आले. पुण्याचं घरही विकलं. इथल्या फ्लॅटबाहेर दुपारी पावलं वाजली की मी आकड्यांची वाट बघते. दोनदा दार उघडूनही पाहिलंय. सगळ्याच वर्गाला टोपल्या दिल्या असत्या तर हसायला कोण उरलं असतं, हे मला मंजुळाने शाळा सोडल्यावर सुचलं. पुढच्या वर्षापासून मी अख्ख्या वर्गालाच चालत शिकवलं. इरा, बाईंना सांग, सगळ्यांना एकदा त्या स्टुलावर बसवा. कबीर, तूही बस.

घर म्हटलं की आता मला तो व्हरांडाच दिसतो. शाळेची इमारत नवी झाली, पण तो पाडलेला नाही. दुपारी मुलं अजून तिथे चालत पाढे म्हणतात.