आडनाव कशासाठी हवे?

मित्रहो, एक कोडे आपणही अनुभवले असेल. रेल्वेत नाव सांगितले, गाव सांगितले, तरी शेजाऱ्याचे समाधान का होत नाही?

आज पहाटे परभणी स्थानकावर गर्दीतून वाट काढत नांदेडची गाडी गाठली. शेजारच्या सद्गृहस्थांनी बसल्याबरोबर आडनाव विचारले.

"कशासाठी हवे?" मी म्हणालो.

"सहज हो!"

रक्तगट कुणी असा सहज विचारत नाही.

सत्तरच्या दशकात याच स्थानकावर, अशाच पहाटेच्या पॅसेंजरमध्ये मी आईला कसेबसे चढवले होते. तिच्या मोडलेल्या पायाला प्लॅस्टर होते. धोतर नेसलेल्या एका गृहस्थांनी आदराने जागा दिली. "बसा माय, पाय लांब करा."

मग त्यांनी गाव विचारले, वडिलांचे नाव विचारले आणि शेवटी आडनाव. त्यावरून आम्ही बौद्ध असल्याचे त्यांना कळले. पिंगळी येताच ते म्हणाले, "उठा आता. आमची मानसं चढनार हायेत."

पिंगळीला कुणीही चढले नाही.

"दादा, बाकडं तर रिकामंच जायलंय की," आई म्हणाली. त्यांनी त्या जागेवर आपली पिशवी ठेवली. आई नांदेडपर्यंत एका पायावर उभी राहिली.

पाय तोच होता, प्लॅस्टर तेच होते. बदलली ती केवळ माहिती. म्हणजे हा प्रश्न ओळखीसाठी नसतो, वागणूक ठरवण्यासाठी असतो. या क्षुद्र चौकशीला आपुलकी म्हणणाऱ्यांची मला किळस येते.

पुढच्या वेळी हा प्रश्न ओठांवर आला, की क्षणभर थांबा. उत्तर ऐकून आपण काय वेगळे करणार आहोत, ते आधी शेजाऱ्याला मोठ्याने सांगून पाहा.