व्याह्यांचा जड हात

आमच्या व्याह्यांचा थांग लागलेला माणूस वसई तालुक्यात अजून जन्माला यायचाय, असं माझं ठाम मत आहे. सातिवलीला गाळ्यांच्या रांगेत त्यांचं लग्नाच्या जेवणाचं किचन आहे. भाताचा भलामोठा टोप हा गडी एकटा शेगडीवरून उतरवतो, तेही कामगारांवर ओरडत. पण मशरूमचे डबे आले, की त्यांचा आवाजसुद्धा खाली येतो. प्लास्टिकमधून एकेक मशरूम स्वतः काढायचं, ट्रेमध्ये कागदावर एकाच थरात मांडायचं, वर पातळ सुती कापड टाकायचं आणि फ्रिजमध्ये मासळीपासून लांब ठेवायचं. मी एकदा म्हणालो, "धुवून तरी ठेवा," तर वर्तमानपत्र धुवून वाचायला सांगितल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले.

"पानी नाय लावायचं, व्याही. कपड्यानं पुसायचं. धुवायचं तं कढईत टाकायच्या टायमाला."

ओल्या खतात वाढलेल्या वस्तूला पाण्याचं एवढं भय कशाला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. थंड हवं, पण ओल नको. झाकायचं, पण गुदमरू द्यायचं नाही. एवढी पथ्यं तर माझ्या बायपासनंतर डॉक्टरांनीही सांगितली नव्हती.

एकदा ऑर्डर द्यायला आलेल्या एका नवरीच्या मामांनी, वांगं दाबून बघावं तसं एक मशरूम दाबलं. व्याह्यांनी ते लगेच बाजूला काढलं.

"काही झालं नाही हो त्याला," मामा म्हणाले.

"आता नाय दिसनार. उद्या बगा, तुमची बोटं उठतील."

मामांनी ऑर्डर दिली खरी, पण जाताना स्वतःच्याच बोटांकडे बघत गेले.

मग आम्हाला नात झाली. पहिलं बाळंतपण, त्यामुळे सून माहेरीच होती. आम्ही कधीही जावं, तर हे आजोबा नातीपासून चार हात लांब, दारातच उभे. बारशाला तर वाढप्यांच्या मागे जाऊन लपले. घरी आल्यावर माझी बायको हळूच म्हणाली, "मुलगी झाली म्हणून तर नाही ना?" मी ते उडवून लावलं, पण मनात गोंधळ उडालाच. मशरूमचे इतके लाड करणारा माणूस लेकीच्या लेकीला शिवत नाही, याचा अर्थ काय लावायचा?

लेकीला नायगावला आमच्याकडे पोचवायला आले, त्या दिवशी मात्र तिला राहवलं नाही. सगळ्यांसमोर रडतच म्हणाली, "बाबा, मुलगी आहे म्हणून हात लावत नाही का हिला?"

व्याही पार भांबावले. घट्टे पडलेले दोन्ही हात त्यांनी पुढे केले. "अगो बाय, हे हात बग माझे. जरा जास्त दाबलं गेलं तं? तवा कोनाला दिसत नाय. उद्या उठतं."

सून रडता रडता हसली आणि पोरीला पुढे घेऊन आली. "थांब," म्हणून ते बेसिनकडे पळाले. हात धुतले, पुसून कोरडे केले, पुन्हा पुसले आणि ओंजळ पसरली. सुनेने पोरगी अलगद त्यात ठेवली. माझी बायको दुपटं घेऊन आली, तेव्हा नातीवरची नजर न हलवता म्हणाले, "जाड नको, विहीनबाय. पातळ टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला. आवाज अगदी मशरूमच्या वेळचा.

"व्याही, बगितलं का? काय उठलं तं नाय ना?"

"काही नाही हो," मी हसून म्हणालो. फोन ठेवला आणि तरीही जाऊन नातीचं झबलं वर करून बघितलं. पाठ अगदी स्वच्छ होती. एखाद्या बोटाची खूण उठली असती, तर चाललं असतं, असं मला का वाटलं कोण जाणे.