आतड्याचं दार

सानगडीला माझ्या माहेरी एक कायदा होता. गाय व्याली की जार, म्हणजे वार, पडेपर्यंत वासराला आचळाला लावायचं नाही. आधी पाजलं तर जार आतच अडकतो, ही आईची पक्की समजूत. कधी अर्धा दिवस जाई. वासरू हंबरून हंबरून थके आणि चीक खरवसासाठी शेजारीपाजारी वाटला जाई. मग त्या वासराला पांढरी हगवण लागे. आमच्या लाल गाईची लागोपाठ दोन वासरं अशीच गेली.

ऐंशीच्या आसपास मी पहिल्या बाळंतपणाला आले, तेव्हा तीच गाय पुन्हा व्याली. जार पडेना म्हणून साकोलीहून गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी आल्या आल्या वासराला उचलून आचळाला लावलं. आई खवळली.

"अजी, जार अडकून राहील ना!"

"उलट मोकळा होईल, मावशी. पिऊ द्या. याच्या आतड्याचं दार आता उघडं आहे. चिकातली ताकद सरळ रक्तात जाते. उद्या दार बंद."

मला प्रश्न पडला की जेवण गोड लागत नाही. दार बंद कोण करतं, मी विचारलं. "आतडंच," डॉक्टर हसून म्हणाले आणि हात धुवायला गेले. एवढ्यावर माझं कसं भागणार? वासराच्या आतड्यातल्या त्या पेशी झडतात आणि जागी येणाऱ्या नव्या पेशी असं काही आत घेत नाहीत, हे मी पुढे पुस्तकातून हुडकलं. माणसाचं थोडं निराळं. त्याला बरीचशी शिदोरी आईच्या पोटातच मिळते. चीक आतड्यात राहून राखण करतो आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मागच्या, रोगाशी लढणाऱ्या शिपायांना निरोप धाडतात, हा आपला, तो परका. बोटभर लेकराच्या पोटात एवढी बोलाचाली! मला अजून नवल वाटतं.

संध्याकाळपर्यंत जार पडला. वासराला हगवण लागली नाही. भाताच्या तणसाच्या ढिगाभोवती ते उड्या मारायला लागलं, तेव्हा मला मुलगी झाली.

सुईण गुळपाण्याची वाटी घेऊन बसली. आमच्याकडे तीन दिवस बाळाला तेच द्यायचे आणि आईचा चीक पिळून टाकायचे. माझं डोकं फिरलं.

"वासराले चालते, मंग माह्या पोरीले काहून नाही?"

मला वाटलं, आता आई कडाडणार. पण ती खाटेच्या कडेला बसली. माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता, महिन्याभरात गेला. त्याच्याबद्दल ती कधी बोलत नसे.

"त्याच्या वक्ताले मी सारा चीक पिळून टाकला होता," ती म्हणाली. "त्यालेही हगवणच लागली होती. त्याचंही दार उघडंच होतं का वं?"

ती उत्तरासाठी थांबली नाही. सुईणीच्या हातातली वाटी घेऊन तिने अंगणात ओतली आणि पोरीला उचलून माझ्या छातीशी लावलं.